ब्रेनवॉश करणाऱ्या वाघमारे मॅडम

आमच्या गावात ब्रेनवॉश हा शब्द कधी आला ते मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो घराघरात होता. सुनेनं वेगळं राहायचं म्हटलं की तिच्या माहेरच्यांनी तिचं ब्रेनवॉश केलेलं असायचं. निवडणुकीत पोरगा दुसऱ्या पार्टीच्या गाडीत बसला की त्याचं ब्रेनवॉश झालेलं असायचं. शेजारच्या काकांनी गुटखा सोडला तेव्हाही त्यांचे मित्र पारावर म्हणाले होते, "डॉक्टरनं पार ब्रेनवॉश केलं बे ह्याचं." इंग्रजीचं एक अक्षर न येणारा माणूसही हा शब्द अगदी सहज वापरतो. माणूस आपलं ऐकेनासा झाला की तो शब्द तोंडात येतो, एवढंच मला दिसत होतं.

हा शब्द मी सगळ्यात जास्त ऐकला तो वाघमारे मॅडमच्या बाबतीत. त्या आम्हाला अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायच्या. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. त्यांच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण मला नीट लिहिता येईल का, ही शंका होती. ती अजूनही आहे.

मॅडम मूळच्या नांदूरघाटकडच्या. राहायला नेकनूरला. तिथून रोज स्कूटीवर यायच्या आणि शाळेच्या चढाला स्कूटी धाप टाकायची, तेव्हा उतरून ती ढकलत आणायच्या. मुलं मदतीला धावली तर म्हणायच्या, "मागून ढकला, हँडलला हात लावू नका." उंचीनं कमी, आवाज मोठा नाही. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून यायच्या. फळा स्वतः ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि तो वाळेपर्यंत वर्गाकडं बघत उभ्या राहायच्या. त्या वेळात कुणी बोललं नाही तरी त्यांना चालायचं.

त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध होतं. फक्त एक शब्द सोडून. "का" असं त्या कधीच विचारायच्या नाहीत, "कावून" विचारायच्या. एकदा कुणीतरी धीर करून त्याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "का म्हटलं की तुम्हाला वाटतं मॅडम रागावल्या. कावून म्हटलं की घरातलं कुणी विचारतंय असं वाटतं. मग तुम्ही खरं बोलता."

उत्तर बरोबर आलं तरी त्या "बरोबर" म्हणत नसत. "अजून?" म्हणायच्या. चुकीच्या उत्तरालाही "अजून?" पहिले काही दिवस आमचा गोंधळ उडायचा. आमच्या वर्गात गोविंद म्हणून एक मुलगा होता, जे मनात येईल ते बोलून टाकणारा. तो एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, तुमी खरं उत्तर सांगतच न्हाईत. पेपरला काय लिहायचं आमी?"

"पेपरला पुस्तकातलं लिही. मार्क मिळतील."

"आन मग हे समदं?"

"हे घरी जाताना रस्त्यात."

शनिवारी सकाळची शाळा असायची. कवायत झाली की शेवटचा तास मॅडमचा. त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही. त्या तासाला आम्ही वकीलपत्र म्हणायचो, कारण मॅडमच तसं म्हणायच्या. रीत अशी होती. एखादी गोष्ट निघाली, म्हणजे मोबाईल शाळेत आणावा की नाही, गावात दारूचं दुकान बंद करावं की नाही, तर तुम्हाला जे पटत नाही त्याच्याच बाजूनं आधी बोलायचं. ज्याची ती बाजू आहे तो समोर बसलेला असायचा. तो जोपर्यंत "हां, मला असंच म्हणायचंय" असं म्हणत नाही, तोपर्यंत तुम्हाला स्वतःचं मत सांगायची परवानगी नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. करायला घेतलं की जीभ वळत नाही. गोविंदला एकदा मुलींनी क्रिकेट खेळावं ह्या बाजूनं बोलायला लावलं होतं. समोर मनीषा बसली होती, तिला खेळायचं होतं. गोविंद काहीही म्हणाला की ती मान हलवायची, "न्हाई, मला असं न्हाई म्हणायचं." तास संपला तरी त्याला तिचं म्हणणं जमलं नाही. पुढच्या आठवड्यात तो दोन दिवस तिच्या मागं फिरून "मग तुला म्हणायचं काय हाय नेमकं?" असं विचारत होता. मॅडम लांबून बघत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

गोविंदनंच एकदा शनिवारच्या तासाला असं काही विचारलं की आमच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तो म्हणाला, "मॅडम, आमचे आजोबा म्हणतात तुमच्या लोकांचं पण ब्रेनवॉशच झालतं. देव सोडले तवा."

मॅडम बौद्ध होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता ह्याला बाहेर काढतील. मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. एरवी त्या तासाला कधी बसायच्या नाहीत.

"तुझे आजोबा म्हणतात ते माझ्या आजोबांनाही लोक म्हणायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा हा शब्द नव्हता. ह्यांचं डोकं फिरवलं, असं म्हणायचे. छप्पन सालानंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले देव काढले. आजीनं एक देवीचा टाक मुठीत धरून ठेवला, देईना. आजोबा तिला म्हणाले, मला पटलं म्हणून मी काढले. तुला पटलं तर काढ, न्हाईतर ठेव. वस्तीतले लोक आजोबांनाच हसायचे. म्हणायचे, ह्यानं सगळं सोडलं आणि बायकोचा देव कोनाड्यात ठेवला. तो टाक कितीतरी वर्षं कोनाड्यात होता. माझे वडील लहानाचे मोठे झाले. मग एक दिवस आजीनं आपणहून तो माहेरी भावाला देऊन टाकला. मी तिला विचारलं होतं, आजी, कावून दिलास? तर म्हणाली, त्यानं मला कवा काढ म्हटलं न्हाई. मग मलाच ठिवू वाटंना."

मॅडम गोविंदकडं वळल्या.

"आता गोविंद, कुणाचं ब्रेनवॉश कुणी केलं ते तू आजोबांना विचारून ये. ते काय म्हणतात ते मला खरंच ऐकायचंय."

गोविंद सोमवारी आला तेव्हा मॅडमनी विसरल्यासारखं केलं नाही, लगेच विचारलं. तो म्हणाला, "आजोबा म्हणले, म्हातारी खमकी हुती म्हणायची." मॅडम मनापासून हसल्या. "तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग," म्हणाल्या.

आता जे सांगायचं आहे ते बारावीच्या वर्षातलं.

त्या वर्षी शाळेत एक व्याख्याते आले होते. असे व्याख्याते आमच्याकडं गावोगावच्या शाळांत येतात, त्यामुळं त्यात नवल नव्हतं. पालकांनाही बोलावलं होतं. मैदानात मांडव टाकला होता. व्याख्यात्यांबरोबर त्यांचे स्वतःचे स्पीकर होते आणि की-बोर्ड वाजवणारा एक माणूस होता. सुरुवातीला त्यांनी आम्हाला खूप हसवलं. मग हळूहळू संगीत बदललं आणि ते म्हणाले, डोळे मिटा. बापाची फाटकी बनियन आठवा. आईच्या हातावरचे चटके आठवा. उद्या घरी गेलात आणि ते नसले तर? शेजारची मुलगी आधी रडायला लागली, मग मी. थोड्या वेळात सगळं मैदान हुंदके देत होतं. ते म्हणाले, उठा, आपल्या आईबापाचे पाय धरा. मी गर्दीतून वाट काढत अण्णांना शोधलं. आमचे अण्णा कारखान्याच्या सीझनला ट्रॅक्टरवर असतात. त्या दिवशी ते माजलगावहून मुद्दाम आले होते. मी त्यांचे पाय धरले. अण्णा रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

त्यानंतर आम्हा मुलामुलींना पुन्हा ओळीत उभं केलं आणि हात पुढं करून शपथ दिली. आईबापाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणार नाही. मी ती अगदी मनापासून घेतली.

मॅडम मांडवाच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी होत्या. त्यांच्याजवळ मनीषा बसली होती. मनीषाचे वडील ती लहान असतानाच वारले होते आणि आई ऊसतोडीला गेली होती. सगळे पाय धरायला पळाले तेव्हा तिला जायला जागाच नव्हती. तिचा श्वास अडकल्यासारखा झाला होता. मॅडम तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि थोडं थोडं पाणी पाजत होत्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हे पुष्कळ पालकांनी पाहिलं होतं.

शनिवारच्या तासाला मॅडमनी विचारलं, "परवा कुणाकुणाला रडू आलं?" सगळ्यांचे हात वर झाले. "बरं. आज त्या सरांचं वकीलपत्र कोण घेतंय?"

मी उठले. मला ते अवघड नव्हतं, कारण मला त्यांचं पटलंच होतं. मी म्हणाले की, आम्ही मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, आईबाप काय सोसतात ते आम्हाला दिसत नाही, कुणीतरी ते दाखवायलाच पाहिजे. मॅडमनी एकेक मुद्दा फळ्यावर लिहिला. एकही खोडला नाही. मग म्हणाल्या, "आता ज्याला तिथं शपथ घ्यायची नव्हती, त्याचं वकीलपत्र?"

कुणी उठेना. असा कुणी असेल असंच आम्हाला वाटलं नव्हतं.

मग मनीषा उभी राहिली. "मॅडम, मीच बोलते. मला घ्यायची न्हवती. माझे वडील न्हाईत, आई तिकडं ऊसतोडीला, मी कुणाच्या शब्दाबाहेर जाणार? पण हात न्हाई केला तर समदे बघतील म्हणून केला."

मॅडम फळ्याकडं वळल्या आणि त्यांनी ते तसंच, मनीषाच्या शब्दांत लिहिलं. मग त्या आमच्याशी त्या शब्दाबद्दल बोलल्या. हा शब्द लढाईतून आला, म्हणाल्या. युद्धातल्या कैद्यांना कोंडून, झोपू न देता, तेच तेच त्यांच्या कानावर घालून त्यांची मतं बदलायची, त्याला हे नाव पडलं. "आपण तो कुठंही वापरतो. डोक्यात भरवलं म्हणजे ब्रेनवॉश असं नाही. आई भरवते, शाळा भरवते, मीही भरवते. न भरवता माणूस मोठा कसा होईल? तुम्ही एवढंच बघत जा, की तिथं 'थांबा, मला जरा विचार करू द्या' असं म्हणायला जागा होती का. जागा असेल आणि तरी तुम्ही हो म्हणालात, तर ते हो तुमचं. परवा ती जागा होती का, हे मला विचारू नका. तुम्ही तिथं होतात."

त्यांनी शपथ मोडा असं म्हटलं नाही. चांगली की वाईट तेही म्हटलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे.

पण गावात संध्याकाळपर्यंत पोचलं ते वेगळंच. वाघमारे बाईनं पोरांना शपथ मोडायला सांगितली. आणि नेमकं त्याच आठवड्यात मी अण्णांपुढं माझी गोष्ट काढली. मला बारावीनंतर बीडला होस्टेलवर राहून शिकायचं होतं. अण्णांचं म्हणणं, घरी राहून बाहेरून बी.ए. कर, परीक्षेला मी नेऊन सोडीन. हा विचार माझ्या डोक्यात दहावीपासून होता. पण अण्णांना तो पहिल्यांदाच कळला, आणि तोही त्या शनिवारनंतर.

अण्णा आईला म्हणाले, "आता कळलं का? परवा माझे पाय धरून रडली ही. आठ दिवस न्हाई झाले. ब्रेनवॉश केलं त्या बाईनं."

मी म्हणाले, "मॅडमचा काही संबंध न्हाई अण्णा."

"ब्रेनवॉश झालेला माणूस असंच म्हणत असतोय."

मी काहीही बोलले तरी ते बाईंचंच बोलणं ठरत होतं.

चार-पाच पालक मिळून शाळेत गेले. पुढं तात्या होते. तात्या संस्थेवर होते, गावातले मोठे शेतकरी, बोलायला तसे मोकळे. अण्णांनी मलाही बरोबर घेतलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही भिंतीला लागून उभे होतो. मॅडमना बोलावलं. मुख्याध्यापक टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

तात्या म्हणाले, "मॅडम, तुमी शिकवता चांगलं, निकाल चांगला लागतोय, ते आमाला नाकारायचं न्हाई. पण पोरांचं ब्रेनवॉश करू नका."

"म्हणजे मी नेमकं काय करते?"

"काय करता म्हणजे? शपथ घेतलेली पोरगी आठ दिवसांत बापाला उलटं बोलाय लागली. ही बघा, उभी हाय. इचारा तिला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मॅडम पटकन म्हणाल्या, "तिला मधे घालू नका तात्या. ती माझ्या बाजूनं बोलली तर तुम्ही म्हणाल, बघा, ब्रेनवॉश. विरुद्ध बोलली तर तिला जेवण जाणार नाही. तिनं बोलायचं कसं?"

मग मॅडमनी जे केलं ते आम्ही वर्गात कितीदा तरी बघितलं होतं, पण मोठ्या माणसांपुढं करतील असं वाटलं नव्हतं.

"मी तुमचं म्हणणं सांगून बघते," त्या म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. लेकराला घर वाढवतं. शाळेत ते दिवसाचे काही तास असतं. घरानं जे एवढ्या वर्षांत बांधलं ते शाळेनं एका तासात उसवू नये. उसवलं तर पुढं त्या लेकराचं काय व्हायचं ते घरालाच निस्तरावं लागतं, बाई तर संध्याकाळी स्कूटीवर बसून निघून जाते. असंच ना?"

तात्या अण्णांकडं बघून म्हणाले, "असंच. अगदी असंच."

"आणि मी तुमच्यातली नाही. म्हणून माझ्यावर जरा जास्त लक्ष ठेवावंसं वाटतं. हे तुम्ही बोलला नाहीत, पण हेही आहे."

पेपरवेट थांबला. तात्यांचा चेहरा उतरला. "न्हाई मॅडम, तसलं मनात न्हाई कुणाच्या."

"असलं तरी बोला. बोललं की बोलता येतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मग त्या म्हणाल्या, "माझी एक चूक झाली. ज्याचं वकीलपत्र घ्यायचं तो समोर पाहिजे, हा माझाच नियम. त्या दिवशी व्याख्याते समोर नव्हते, तुम्हीही नव्हता. तुम्हाला बोलवायला पाहिजे होतं."

एवढं सगळं होऊनही शनिवारचा तास बंद करायचं ठरलं. मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, की बंद कावून झाला हे मी मुलांना सांगणार, तुमच्या शब्दांत सांगणार. आणि त्यांनी तसं सांगितलंही. तात्यांची बाजू इतकी नीट मांडली की गोविंद म्हणाला, "मॅडम, मंग तात्याच बरोबर हायत की."

"असतील. विचार कर."

त्यांच्या जागी मी असते तर एखादा तरी टोमणा मारला असता. त्यांनी नाही मारला. मला वाटतं, एखादा माणूस मोठा आहे हे आपल्याला अशा वेळी कळतं.

पण माझा प्रश्न तसाच होता. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि अण्णा माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होते. मॅडमकडं मी एकदाच गेले. त्यांना म्हणाले, "मॅडम, तुम्ही अण्णांना समजावून सांगा ना."

त्या म्हणाल्या, "मी सांगितलं की ते माझं होईल. तू सांग. पण तुझं नको सांगू. आधी त्यांचं सांग."

एका दुपारी अण्णा ट्रॅक्टरचं चाक काढून बसले होते. मी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "अण्णा, तुमचं म्हणणं मी सांगू का? चुकलं तर सांगा." ते पाना फिरवत राहिले. मी सुरू केलं. पोरगी बाहेर ठेवली की गाव नावं ठेवतंय. बसचा भरोसा नाही. होस्टेलवर कोण कसं असेल सांगता येत नाही. पोरगी एकदा बिघडली की धाकटीचंही अवघड होतंय.

अण्णांनी पाना खाली ठेवला. "न्हाई. हे समदं तुझ्या थोरल्या चुलत्याचं बोलणं झालं. माझं हे न्हाई."

"मग तुमचं काय आहे?"

ते हाताचं ग्रीस पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या धाकट्या काकाला मीच पुण्याला धाडला. शिकला. चांगला हाय, वंगाळ न्हाई. पण गेल्या दिवाळीला मला म्हणला, अहो दादा, तुम्ही बसा ना. अहो म्हणला मला. आमी एका ताटात जेवलेलो. तो मला पाव्हण्यावानी बस म्हणत हुता." त्यांनी पाना पुन्हा उचलला. "तू पण तशीच होशील. ते त्या बाईच्या हातात न्हाई आन तुझ्या बी न्हाई."

मला म्हणावंसं वाटलं, मी तशी होणार नाही. शपथ घ्यावीशी वाटली. पण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि अण्णांचं म्हणणं एवढं खरं होतं की त्याच्यापुढं खोटं काही ठेवायला धजावले नाही. मी म्हणाले, "होईन की न्हाई ते मला माहीत न्हाई अण्णा. पण तसं व्हायला लागले तर तुमी मला सांगा."

"सांगितल्यावर ऐकशील?"

"ऐकून घेईन. पटलं तर बदलीन."

अण्णा म्हणाले, "हे मातर बाईचं बोलणं हाय." पण म्हणताना ते हसले. जूनमध्ये त्यांनीच मला गादी आणि पत्र्याची पेटी घेऊन बीडला आणून सोडलं.

मी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम मधल्या काळात रिटायर झाल्या. शनिवारचा तास पुन्हा सुरू झाला नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या आधी, बीडच्या बसस्टँडवर, दुपारी. त्या डोळे तपासायला आल्या होत्या आणि नेकनूरच्या गाडीची वाट बघत होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी वरच्या वर हात धरला. मी कुठल्या वर्षाला आहे, मेसचं जेवण कसं आहे, सगळं विचारलं.

मी म्हणाले, "मॅडम, मी आज इथं आहे ती फक्त तुमच्यामुळं."

हे वाक्य मी मनात किती दिवस ठेवलं होतं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र गंभीर झाला.

"असं म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर तुझे अण्णा खरं बोलत होते. मी ब्रेनवॉशच केलं मग."

नेकनूरची गाडी फलाटाला लागत होती, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते. मॅडमनी पिशवी उचलली. आणि मी, का कोण जाणे, त्यांच्यापुढं कधी बोलले नव्हते ते बोलले.

"मग एक सांगू मॅडम? त्या व्याख्यानाचं तुमचं मला पूर्ण पटलेलं न्हाई. मनीषाचं झालं ते वाईटच झालं. पण मी रडले ते खोटं नव्हतं. अण्णा रडले तेही नव्हतं. ते झालं नसतं तर त्या दिवशी चाक काढून बसलेल्या अण्णांच्या जवळ जाऊन बसायची माझी हिंमतच झाली नसती. तुम्ही फक्त जागा होती का ते बघितलं. आमच्या घरात त्या दिवशी काय झालं ते तुम्ही बघितलं न्हाई."

बोलून झाल्यावर मला भीती वाटली. कंडक्टरनं घंटी दिली. मॅडमनी गाडीकडं एकदा बघितलं आणि पिशवी पुन्हा बाकावर ठेवली.

"जाऊ दे ती," त्या म्हणाल्या. "मागून दुसरी आहे. बस इथं."

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद मी तेव्हा बघितला, तो वर्गात कुणाच्या बरोबर उत्तरालाही कधी बघितला नव्हता. नेकनूरची गाडी धूळ उडवत निघून गेली. त्या सरकून बसल्या, मला जागा केली, आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "हं. मी काय बघितलं नाही?"